आमच्या गल्लीतून गेलेली शर्यत

"पुंता सेनिसाच्या लोकांना शर्यत म्हणजे जत्रा वाटते," डॉक्टर लिस्कानो रेडिओवर म्हणाला. "त्यांच्यासाठी ठेवलेली जागा दरवर्षी वाया जाते. यंदा शेवटची संधी. वस्तीचा स्पर्धक वेळेत आणि नियमाने पोहोचला नाही, तर पुढल्या वर्षापासून ती जागा प्रायोजकांच्या पाहुण्यांना."

हा कसला डॉक्टर? इस्त्रीचा शर्ट घातलेल्या कुणालाही आम्ही किनाऱ्यावरची माणसं डॉक्टर म्हणतो, ती आमची सवय. तो शर्यत भरवतो, एवढंच. पोहायला आमचा समुद्र, सायकलला आमचा मिठागरांचा रस्ता, धावायला आमची गल्ली, आणि टीव्हीवर दिसायला शहरातली हॉटेलं. पहिल्या वर्षी तर आमची घरं दिसू नयेत म्हणून रस्त्याच्या कडेला निळं कापड ताणलं होतं. ते आम्ही फाडलं. दुसऱ्या वर्षी रस्त्यावर आडवे पडलो, पोलिसांनी उचलून फेकलं, परत येऊन पडलो. तेव्हा कुठे वस्तीला एक जागा मिळाली. वाया जाते म्हणे!

रेडिओ लागला होता एम्पेरात्रिसच्या अंगणात. ती मासळीचे खवले काढत होती. बातमी संपली तशी तिने सुरी फळीत रोवली आणि माझ्याकडे वळली, वस्तीतर्फे नाव मीच देते म्हणून.

"ओब्दुलिया, ही जागा कोण घेणार आहे यंदा?"

"कुणीच पुढे येत नाही. विल्फ्रिदोचं झालं ते बघून सगळे घाबरलेत."

"मग माझं नाव दे."

"तुझं? तुला सायकल तरी येते का?"

"येत नाही. तू नाव दे."

विल्फ्रिदोचं झालं ते असं. गेल्या वर्षी पोरगा छान धावत होता. आमच्या गल्लीत शिरला तेव्हा त्याची सख्खी आत्या, कास्तुलाआत्या, बदामाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसली होती. तिने त्याच्या हातात बर्फाच्या पाण्याची पिशवी दिली. दारावरून उन्हातला माणूस जातोय आणि त्याला पाणी विचारायचं नाही, हे आमच्यात कुणाला जमायचंच नाही. आणि थोरल्या माणसाने पुढे केलेला पेला परत करणं म्हणजे तोंडात मारल्यासारखं. विल्फ्रिदोने घेतली, प्यायला. मागून मोटरसायकलवरचा पंच आला आणि म्हणाला, बाहेरची मदत, बाद. पाणी फक्त शर्यतवाल्यांच्या टेबलावरचं घ्यायचं, असा नियम. कास्तुलाआत्या महिनाभर कुणाशी बोलली नाही.

एम्पेरात्रिस म्हणजे महाराणी. आईने हे नाव ठेवलं तेव्हा घरात एक चूल आणि एक हॅमॉक होता म्हणतात. सेहेचाळीस वर्षांची बाई, डोक्यावर मासळीचं घमेलं घेऊन पहाटेपासून हॉटेलांच्या मागच्या दारांनी फिरणारी. एकदा शिपायांनी पदपथावर विकते म्हणून घमेलं उचलून नेलं. ही चौकीच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. मासळी आत कुजायला लागली. दुपारपर्यंत शिपायांनीच नाक दाबून घमेलं बाहेर आणलं आणि हात जोडले. ती म्हणाली, "आता धुऊन द्या." दिलं धुऊन. मी तिथे होते, खोटं सांगत नाही.

पोहण्याची काळजी नव्हती. लहानपणापासून ती बुडी मारून शिंपल्या काढते. धावणंही जमलं असतं. घोडं अडलं सायकलवर. सायकलचा माणूस आमच्याकडे एकच, नेवार्दो. पंक्चर काढायचं दुकान. डोंगराकडचा, म्हणून कचाको. अर्धा जन्म इथे काढला तरी कचाकोच. भर दुपारच्या उन्हात गरम चॉकलेट पितो, त्याला आणखी काय म्हणायचं?

"बाई, पाय फिरवा, जमिनीकडे बघू नका!"

"जमिनीकडे नाही बघू तर काय तुझ्या तोंडाकडे बघू?"

"तोंडाकडे बघितलं तरी चालेल, पण पडू नका."

ती पडली. चौकात पडली, मिठागरांच्या रस्त्यावर पडली, एकदा उभ्या सायकलवरून पडली. गुडघे सोलवटले, त्यावर लिंबू चोळून दुसऱ्या दिवशी परत बसली. नेवार्दोने चार मोडक्या सायकलींतून एक सायकल उभी केली आणि तिला निळा रंग दिला. हळूहळू लोकांच्या लक्षात आलं, बाई आता मासळी विकायलाही सायकलवरून जाते, घमेलं मागे बांधून, आणि बसवाल्यांना शिव्या घालत त्यांच्या पुढे निघून जाते. मुलं ओरडायची, "महाराणी आली, बाजूला व्हा!" ती हॉर्नऐवजी शिट्टी वाजवायची.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी बैठक बोलावली. सरळ सांगितलं, "उद्या कुणी कुणाला काही द्यायचं नाही. पाणी नाही, बर्फ नाही, फडकं ओलं करून नाही. सगळ्यांनी हात पाठीमागे ठेवायचे. कुणाचा हात सुटला तर जागा गेली."

"कुणालाच नाही?" कास्तुलाआत्याने विचारलं.

"कुणालाच नाही. एकाला दिलं की दुसऱ्याला जाणार, दुसऱ्याला गेलं की तिला जाणार. मी तुम्हाला ओळखत नाही का?"

"पोरी, मी हात मागे बांधून घेईन, पण डोळे कुठे बांधू?"



समुद्रातलं एकोणीसशे मीटर अंतर एम्पेरात्रिसने कापलं आणि बाहेर आली तेव्हा तिच्या आजूबाजूला शहरातले जवान गडी धापा टाकत होते. आम्ही किनाऱ्यावर एवढे ओरडलो की बगळे उडाले. नेवार्दो टोपी काढून डोळे पुसत होता आणि वर म्हणत होता, खारं पाणी उडालं. सायकलवर मात्र वारा समोरून आला. नव्वद किलोमीटर, झाड एक नाही, दोन्ही बाजूंना मिठागरं, पांढऱ्या मिठावरून ऊन खालूनही भाजतं. ती परतली तेव्हा मागे थोडेच उरले होते, आणि पुढे एकवीस किलोमीटर धावायचं होतं. शर्यतीची कमान पाच वाजता बंद होणार होती. नेवार्दोने घड्याळ बघितलं आणि मला म्हणाला, "चालली तर संपलं. धावली तर होईल."

आमची गल्ली धावण्याच्या वाटेच्या साधारण मध्यावर लागते. गल्लीच्या तोंडाशी शर्यतवाल्यांचं पाण्याचं टेबल होतं. दुपारी टेबलावर नुसते रिकामे पेले उरले. पाण्याचा ट्रक शहरात अडकलाय, असं त्या टेबलावरची मुलगी सांगत होती, आणि सांगता सांगता रडकुंडीला आली होती. पुढचं टेबल गल्लीच्या पार पलीकडे, खारफुटीपाशी.

धावणारे येऊ लागले. चेहरे वीटभट्टीतून काढल्यासारखे. टेबलाकडे बघायचे, मग आमच्याकडे बघायचे. आणि आम्ही उभे. दारादारात, बदामाखाली, सगळी वस्ती हात पाठीमागे घेऊन, चोरी पकडल्यासारखी. डेगच्यांमध्ये गूळपाणी लिंबू पिळून तयार होतं, कारण ते रोजच असतं, त्यावर फडकं टाकून ठेवलेलं. पिकोवर, म्हणजे आमच्या गल्लीतल्या त्या भल्यामोठ्या भोंग्यांवर, कुणी गाणं लावलं नव्हतं. इतकी शांत आमची गल्ली मी कधी बघितली नाही.

राजधानीकडून आलेला एक उंच माणूस कास्तुलाआत्याच्या दारात वाकला आणि गुडघ्यांवर बसला. ओठ फुटलेले. "बाई," तो म्हणाला, "पाणी?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही.

"ओब्दुलिया, हा माणूस माझ्या उंबऱ्यावर आहे."

"आत्या, जागा जाईल."

"जागा," ती म्हणाली. पाठीमागे तिने एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं होतं, मला दिसत होतं. मीही हलले नाही. एवढी वर्षं भांडून मिळवलेली गोष्ट एका पेल्यात घालवायची नव्हती मला.

तेवढ्यात एम्पेरात्रिस वळणावर दिसली. धावत होती, पण पाय ओढत. कमरेला एक लहान बाटली, तळाशी घोटभर पाणी. ती गल्लीत शिरली, दोन्हीकडे उभे असलेले आपले लोक बघितले, उंबऱ्यावर बसलेला माणूस बघितला आणि थांबली. शर्यतीत थांबली!

"हे काय लावलंय? कुणी मेलंय का?"

"तुझ्यासाठीच," मी ओरडले. "धाव! थांबू नकोस!"

"माझ्यासाठी? माझ्या नावावर माणसं तहानेने मारताय? ओब्दुलिया, तुझं डोकं फिरलंय का?"

"नियम आहे—"

"नियम माझ्यापुरता! मी नाही घेणार. माझ्या ओठाला कुणी पेला लावला तर त्याच्या घरी मासळी द्यायची बंद! पण त्यांना द्या. सगळ्यांना द्या. आपल्या गल्लीतून एकही माणूस तहानलेला गेला, असं मला मागाहून ऐकू येता कामा नये."

आणि ती निघाली.

मग जे झालं ते धरण फुटल्यासारखं. डेगच्यांवरची फडकी उडाली. पेले, वाट्या, भोपळ्याच्या कवट्या, कुणाकडे आंघोळीचा तांब्या. कास्तुलाआत्याने त्या उंच माणसाचं डोकं मांडीवर घेऊन गूळपाणी पाजलं. पिको सुरू झाला, एवढ्या जोरात की पत्रे हलले. धावणारे नाचत काय, रडत काय, पीत होते. आणि मधून एम्पेरात्रिस धावत होती, मुठी छातीशी घट्ट धरून, दोन्हीकडून सवयीने पेले पुढे येत होते आणि ती मान हलवत जात होती. सख्ख्या बहिणीच्या पेल्यालाही तिने स्पर्श केला नाही. बहिणीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

ती अजून गल्लीतच होती, तोच मोटरसायकलवरचा पंच आला. शिट्टी फुंकली. "बाहेरची मदत! सगळे बाद होतील!"

"लिही बाळा," कास्तुलाआत्या म्हणाली. "सगळे लिही. पण आधी हे पी, तुझंही तोंड खेकड्यासारखं लाल झालंय."

त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. हेल्मेट काढलं आणि प्यायला. आत्याने पेला भरून परत दिला.

मी आणि नेवार्दो किनाऱ्याच्या वाटेने कमानीकडे पळालो. तिथे कामगार कडेचे झेंडे सोडायला लागले होते. नेवार्दोने एकाचा हात धरला. "पाच वाजले का?" "वाजतीलच, काका." "मग वाजू दे, तोवर दोरीला हात लावशील तर बघ." एवढा शांत माणूस, पण त्या दिवशी कचाकोच्या तोंडून आमच्या किनाऱ्याची शिवी बाहेर पडली, आणि तीही अगदी शुद्ध.

ती आली. एक खांदा खाली, तोंडावर मिठाचे पांढरे ओघळ, पाय कुठे टाकतेय ते तिला कळत नसावं. पण धावत. कमानीवरचं घड्याळ अजून चालू होतं. ती खालून गेली आणि दोरी धरलेल्या कामगारानेच पहिली टाळी वाजवली.

लिस्कानो पदक आणि माईक घेऊन धावला. कॅमेरा मागे. "आमच्या लाडक्या वस्तीची ही शूर—"

तिने माईक त्याच्या हातातून काढून घेतला.

"डॉक्टर, तुमच्या टेबलावरचं पाणी संपलं, तेव्हा आमच्या लोकांनी तुमच्या माणसांना पाजलं. तुमच्या नियमाने ते सगळे बाद. तुमचा पंच पण प्यायलाय, तो कशातून बाद करायचा ते तुम्ही ठरवा. पाणी वाटायला लागल्यापासून आमच्या गल्लीपुढे नियमाने आलेली मी एकटी. म्हणजे त्यातली पहिली मी आणि शेवटची पण मी. बरोबर ना?"

लिस्कानो हसला. त्याला वाटलं, गंमत चाललीय. मग तो उंच माणूस पुढे आला, हातात अजून आमच्याच भोपळ्याची कवटी. "मी प्यायलो," तो म्हणाला. "मला बाद करा." मागून एक बाई, "मी पण." मग कोण कोण. पंच बुटांकडे बघत उभा. लिस्कानोचं हसू ओठांवरच वाळलं.

"कुणाला बाद करायचं नाही," एम्पेरात्रिस म्हणाली. "आमची जागा आमची राहील. आणि एक नाही, दोन. आमच्या गल्लीतलं पाण्याचं टेबल आमची माणसं लावतील. तुमचा ट्रक तुम्ही शहरातच ठेवा."

"बघू या, बाई, समितीशी बोलून—"

"माईक चालू आहे, डॉक्टर."

त्याने कॅमेऱ्याकडे बघितलं. आमच्याकडे बघितलं. आम्ही एव्हाना खूप झालो होतो, वस्ती किनाऱ्याने चालत येऊन पोहोचली होती, आणि कुणाचेही हात पाठीमागे नव्हते.

"दोन," तो म्हणाला.

"मोठ्याने."

"दोन जागा! पुंता सेनिसाला, दरवर्षी!"

जो आरडाओरडा झाला, त्यात मी तिला मिठी मारायला पुढे गेले. तिने हात आडवा केला.

"नंतर," ती म्हणाली. "आधी मला कुणीतरी खाली बसवा. गुडघे वाकत नाहीयेत, आणि त्याच्यासमोर पडायचं नाहीये मला."

मी एका बाजूने धरलं, नेवार्दोने दुसऱ्या. लिस्कानो बघत होता, म्हणून आम्ही तिला फार हळू, फार ऐटीत खाली बसवलं.