एकच फाईल नेली

"म्हणजे मी चोरी केली म्हणतेस? स्वतःच्या घरात?" दीपक पडवीत उभा राहून ओरडत होता.

"मी तसं काही म्हटलं नाही, भावजी. माझ्या आईच्या वर्षश्राद्धाला मी राजापूरला गेले होते, तेव्हा माझा कॉम्प्युटर कोणी लावला, एवढंच विचारलं." मृणाली लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"लेबलांची फाईल घेतली. पॅकहाऊसला हवी होती. आपल्याच बागेची आहे ना?"

"आहे. मग तिकडे चालत का नाही?"

फाईल चालत नव्हती म्हणूनच तर दीपक सकाळी सकाळी धाकट्या भावाच्या बायकोसमोर उभा होता. जिथे तीस बागांचे आंबे पेट्यांत भरले जात त्या पॅकहाऊसशी, हंगामभर लेबलं छापून देण्याचा करार त्याने केला होता. सही करताना मालकाला सांगितलं, हे सगळं मी बसवलंय. घरात कोणी बाई कॉम्प्युटर बघते ना, असं मालकाने विचारलं तेव्हा म्हणाला, "ती? ती लेबलं चिकटवते." बरोबर मृणालीचा नवरा संदेश होता. घरी येऊन ही गोष्ट त्याने तिला हसत हसत सांगितली.

मृणाली हसली नव्हती. त्या दिवशी तिने सुरमईचं तिखलं केलं आणि दोघा भावांना पोटभर वाढलं.

लग्नाआधी ती राजापुरात एसटी स्टँडजवळच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. गोळपच्या या घरात आल्यावर तिच्या वाट्याला चूल, गोठा आणि हंगामात पेट्या भरणं आलं. पुण्यामुंबईची गिऱ्हाइकं पेटी घाईने उघडायची आणि आंबा आंबट म्हणून फोनवर शिव्या घालायची. ते फोन तीच घ्यायची. शेवटी तिने जुना कॉम्प्युटर दुरुस्त करून घेतला, मोबाईलवर बघून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकली आणि लेबलांसाठी एक स्क्रिप्ट लिहिली. बागेचा कोपरा आणि उतरवल्याची तारीख भरली, की पेटी कोणत्या दिवशी उघडायची ते छापून येई. दुसऱ्या वर्षापासून शिव्यांचे फोन बंद झाले. कोणी तिला बरं केलंस म्हटलं नाही. फोन येत नाहीत हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

"तो कोल्हापूरचा माणूस फोनवर आहे," दीपक आवाज उतरवून म्हणाला. पॅकहाऊसचे कॉम्प्युटर तो माणूस बघायचा. "तो सांगतो तेवढं कर."

फोन स्पीकरवर होता. "ताई, नुसती स्क्रिप्ट आणून भागत नाही. ती आणखी कुठल्या कुठल्या मॉड्यूलवर, म्हणजे जोडीच्या फायलींवर, उभी आहे ते कळायला हवं. मूळ मशीनवर एक कमांड दिलीत की यादी निघेल. यादीतलं सगळं इथे टाकलं की चालू."

"देते की," मृणाली म्हणाली. हात धुऊन ती कॉम्प्युटरसमोर बसली. संदेश मागे येऊन उभा राहिला. स्वयंपाकघराच्या दारात सासू तुळसाबाई टेकल्या. एक ओळ टाइप केली आणि पडदा नावांनी भरून गेला.

मृणालीने खुर्ची सोडली. "बसा भावजी. वाचा."

"मी?"

"तुम्हीच बसवलंय ना."

दीपक बसला. "डेट... डेटटाइम. सीएसव्ही."

"सीएसव्ही काय करतं?"

"ते... कंपनीचं नाव असेल."

फोनमधून हसू आलं, मग खोकला.

"पुढे."

"क्यूआरकोड. हे माहीत आहे, तो काळा चौकोन. रिपोर्टलॅब. हे रिपोर्ट देतं."

"पान आखतं. पुढे."

"शंभरावर नावं आहेत गो. सगळी वाचू?"

"दादा, सगळी नकोत," कोल्हापूरचा म्हणाला, "पायथनबरोबरच येतात ती सोडा."

"वाचू देत त्यांना," मृणाली म्हणाली. "आपण काय बसवलंय ते त्यांनाही कळेल."

त्याने वाचलं. अडखळत, पहिलीतल्या पोरासारखं अक्षर अक्षर लावून. संदेश एकदा "पुरे ना आता" म्हणाला. मृणालीने दीपकला बोटाने पुढची ओळ दाखवली.

खाली वेगळ्या मथळ्याखाली एकच नाव होतं. न सापडलेल्या फायलीचं.

"टी, यू, एल, एस, ए. तुळसा?"

"हेच इथेही अडतंय," कोल्हापूरचा म्हणाला. "इंटरनेटवर असं काही नाही. घरी लिहिलेली फाईल असणार. ती नसेल तर बाकीचं टाकून उपयोग नाही. तारीख तीच काढते."

"माजं नाव तितं कशाला गो?" तुळसाबाईंनी विचारलं.

"तुमचंच आहे ते सगळं, आई." कातळावरच्या कलमाचा आंबा पिकायला पेंढ्याच्या अढीत किती दिवस ठेवायचा, पऱ्याच्या पाण्याकाठच्या सावलीतल्याला किती जास्त, ढगाळ गेलं तर काय, देठाजवळ बोट दाबून तुळसाबाई सांगायच्या. तीन हंगाम मृणाली पेंढ्यात त्यांच्याशेजारी बसून ते वहीत उतरवत होती. मग त्याची फाईल केली. राजापूरहून आल्यावर कॉम्प्युटर कोणीतरी लावला होता हे तिला कळलं, त्याच दिवशी तिने ती फाईल पेन ड्राइव्हवर काढून घेतली. छपाईपुरती लावायची, पुन्हा काढायची. चार दिवस ती या फोनची वाट बघत होती.

दीपकने फोन बंद केला. "कुठे आहे ती?"

"माझ्याजवळ."

"परवा गाडी भरायची आहे, मृणाली. करारावर माझी सही आहे. बरं, चुकलो मी. झालं?"

"नाही."

"अगं, दे की," संदेश म्हणाला. "दादाच आहे. बाहेरचा का कोण आहे?"

"बाहेरच्या माणसासमोर मी कोण होते, ते तुम्ही ऐकलंत. आणि तसेच उठून घरी आलात."

तुळसाबाई दारातून पुढे आल्या. त्यांनी सुनेचा दंड धरला. "दे बाय त्याला. माज्याकडं बगून दे. भावाभावांत फूट पडेल नायतर. माज्या डोळ्यांदेखत नको."

मृणालीने त्यांचा हात दंडावरून हळूच सोडवला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. एकदा वाटलं, द्यावी. मग तिने दीपककडे बघितलं. म्हातारीच्या शब्दांनी त्याचा चेहरा सैल झाला होता. फाईल मिळालीच, असं धरून तो मोबाईलवर कोल्हापूरचा नंबर शोधत होता.

"नंबर लावू नका, भावजी," ती म्हणाली. "फाईल मिळणार नाही. आमच्या वाट्याच्या कलमांचा आंबा उद्यापासून वेगळा उतरेल, आमच्याच लेबलाने जाईल." ती संदेशकडे वळली. "अहो, गड्यांना आत्ताच सांगून या."