नव्वू आन् नुव्वू

आख्ख्या सोलापुरात माझ्यासारखं तेलुगू बोलणारा दुसरा मराठी रिक्षावाला न्हाय. त्याच तेलुगूपायी एकदा मार खाता खाता वाचलो, आन् वाचवलं ते रशीदभाईंनी.

रशीदभाई फोटोवाले गेले त्याला दीड महिना झाला. त्यांच्या लेकीचा फोन आला, "काका, अब्बा गेले." मी येड्यासारखं विचारलं, "कुटं? रिक्षा आणू का?" ...बारा वर्सांची सवय, दुसरं काय.

ते विणकरांचे फोटो काढायचे, मी रिक्षातनं न्यायचो. पयल्याच वर्साची गोष्ट. पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, लक्ष्मीअक्का टॉवेलच्या मागावर बसली होती. नवरा जाऊन तीन महिने झालेले, तोंड दगडासारखं. रशीदभाई कॅमेरा घेऊन नुसतेच उबे. मला वाटलं, आपण मदत करावी. तेलुगूत हसणं म्हणजे नव्वू. मी बोट दाखवून म्हणलो, "नुव्वू, नुव्वू." नुव्वू म्हणजे 'तू'. आईच्या वयाच्या बाईला, तिच्याच घरात, बोट रोखून 'तू, तू'.

माग थांबला. शेजारचा पण थांबला. थोरला लेक उठला, हातात मागावरचा टोकदार लाकडी धोटा. "आईला काय म्हणलास?" मी दाराकडं बघितलं. दारात आणखी दोघं.

रशीदभाईंनी गळ्यातला कॅमेरा काढला आन् फरशीवर मांडी घालून बसले. "गलती इसकी नै, मेरी है. मैं पूछा नै." मग अक्काकडं वळून म्हणले, "अक्का, न विचारता आलो. तुमचा फोटो न्हाय काढत. वाटलं तर तुमीच माझा काढा."

लेक धोटा या हातातनं त्या हातात करत होता, आन् माझं सगळं ध्यान त्या धोट्याच्या टोकावर... शेवटी अक्कानं पदराला हात पुसले, कॅमेरा घेतला, खटका दाबला. फोटोत रशीदभाईंचं कपाळच न्हाय. ते बघून ती हसली. लेकानं धोटा खाली ठेवला.

"आता काढू का?" रशीदभाईंनी विचारलं.

"आज नको."

आमी उठलो. रिक्षात मी म्हणलो, "हसली होती की, तवाच उरकायचं." ते म्हणले, "ती मला हसली. कॅमेऱ्याला न्हाय." पाचव्या खेपेला तीच म्हणली, काढा.

तवापास्नं हीच रीत. आधी कॅमेरा समोरच्याच्या हातात, मग 'काढू का'. म्हणून आज त्यांच्या घरात त्यांचे स्वतःचे डबाभर फोटो हायेत, आन् सरळ एक न्हाय. कुटं कान गेलाय, कुटं नुसती चप्पल.

पेपरच्या या पुरवणीला त्यांचा फोटो पायजे होता. मी अक्काचाच निवडला, कपाळ नसलेला. पण काढलाय तिनं, तवा विचारायला नको? गेलो. लेक दारातच होता, त्यानं मला वळखलं. माझी पाचावर धारण.

अक्कानं फोटो लई वेळ धरला. जितं कपाळ न्हाय, तितं अंगठा फिरवला... मी घसा साफ केला आन् तेलुगूत सुरुवात केली.

"छाप," अक्का म्हणली. "पण तू मराठीतच बोल."