पाच-पाच अक्षरांचे संदेश

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी देवासला पंपांच्या कारखान्यात संगणकावर कामाला होते. घर धारला, तिथे जाणं सुट्टीपुरतं, तेही इंदूरला बस बदलून. दिल्ली-पंजाबच्या बातम्यांनी तेव्हा हवेतच संशय होता. त्यात देवासला नोटांचा सरकारी छापखाना, त्यामुळे अनोळखी गोष्टीवर पोलिसांची नजर लगेच जायची.

आमची टेंडरं थोडक्यात हुकत होती. मुंबईच्या ऑफिसला टेलेक्सने, म्हणजे तारेवरून चालणाऱ्या टाइपयंत्राने, जाणारे दर वाटेत कुणीतरी वाचतंय, असं साहेबांना वाटे. संगणक विकणाऱ्या कंपनीला विचारलं, तर मजकूर कुलूपबंद करायची सोय या यंत्रात नाही, असं कळलं. पगाराचे, साठ्याचे तयार प्रोग्राम होते, हेच नव्हतं. मी गणितातली एम.एस्सी. म्हणून साहेबांनी ते माझ्यावर सोपवलं.

मी छोट्या प्रोग्रामांचा एक संच लिहिला. एक किल्लीच्या, म्हणजे दोन्हीकडे आधी ठरवलेल्या गुप्त शब्दावरून आकडे तयार करी, दुसरा त्या आकड्यांनी अक्षरं बदलून त्यांचे पाच-पाचांचे गट पाडी, तिसरा सगळं पुन्हा उलगडी. कोणतं अक्षर कितीनं सरकवायचं, हे मजकुरातल्या त्याच्या जागेवरून ठरे. मुंबईलाही हाच संच दिला. दर फुटायचे थांबले. मला मात्र धास्ती असे, की आपली चूक निघाली तर विचारायचं कुणाला? आसपास हे जाणणारं कुणीच नव्हतं.

एका दुपारी पोलिसांची जीप फाटकातून आत आली. साहेब मुंबईला गेले होते. इन्स्पेक्टरच्या हातात आमच्याच टेलेक्सची, तार कचेरीत कुणीतरी टाइप केलेली नक्कल होती. आमचा टेलेक्स ऑपरेटर सोनकच्छचा, निवृत्तीला टेकलेला. दीदी देतात तेच मी पाठवतो, असं म्हणून त्याने माझ्याकडे बोट केलं.

इन्स्पेक्टर माझ्या टेबलासमोर बसले. आवाज चढवला नाही, त्यानेच जास्त भीती वाटली.

“मॅडम, इसमें लिखा क्या है?”

पंपांचे दर, मी म्हटलं. मग उघडून दाखवा, म्हणाले.

मी नक्कल बघत एकेक अक्षर यंत्रात भरलं. पडद्यावर इंग्रजीत पहिले दोन शब्द उमटले: माल तयार. पुढे निव्वळ कचरा. इन्स्पेक्टरांनी सोबतच्या शिपायाकडे पाहिलं, आणि शिपाई दाराशी जाऊन उभा राहिला.

किल्ली बरोबर होती, प्रोग्राम कालपर्यंत चालत होता. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. धारला नानांना, माझ्या वडिलांना, हे कोण सांगेल, एवढंच डोक्यात फिरू लागलं. नाना कचेरीतून निवृत्त झालेले; पोलीस दारी येणं म्हणजे त्यांच्या लेखी घर बुडणं.

तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचताना दिसलं, की पहिल्या ओळीत एका गटात चारच अक्षरं आहेत. नक्कल करताना एक गळालं होतं, त्यामुळे पुढच्या सगळ्यांची जागा सरकली होती. मी त्या गटाच्या शेवटी कसलंही एक अक्षर घातलं. एवढा गट विस्कटलेलाच राहिला, पण पुढचं सगळं उलगडलं: पंपांचे आकार, दर, रंग निळा.

इन्स्पेक्टरांनी ते सावकाश वाचलं. किल्लीचा शब्द लिहून मागितला. मी दिला. जाताना म्हणाले, “पहले बता देना था, बेटी.” ते गेल्यावर ऑपरेटरने न विचारता पाणी आणून ठेवलं.

साहेब परतल्यावर त्यांनी असे सांकेतिक संदेश पाठवायची रीतसर परवानगी काढली. मी किल्ली बदलली, आणि प्रत्येक ओळीची मोजणी नव्याने सुरू होईल असं केलं, म्हणजे अक्षर गळालं तरी एकच ओळ बिघडेल. पुढे नव्या यंत्राबरोबर संगणक कंपनीचंच कुलूप आलं, तोवर माझा संच चालला.

पोलीस येऊन गेल्यावरच्या शनिवारी धारला जाऊन मी नानांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. “नोकरी सोड असं मी म्हणणार नाही,” एवढंच म्हणाले आणि उठून दाराला कडी लावून आले. त्यानंतर बरेच महिने त्यांच्या पत्रांत फक्त हवापाणी असायचं. वाटेत कुणी वाचेल म्हणून माझ्या कामाबद्दल एक अक्षरही ते लिहीत नसत.