चेहरा जुळत नाही

तांड्यावरची अंगणवाडी माझ्याकडे आली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. आता पन्नाशी ओलांडली. फुलसावंगीच्या पुढे फाट्यावर उतरायचं आणि तिथून पळसाच्या रानातून पायी जायचं, हा माझा रोजचा रस्ता. तांड्यातल्या बायका मला पहिल्या वर्षी 'मास्तरीण' म्हणायच्या, पुढे 'ताई' म्हणू लागल्या. त्यांची बोली मला कळायला दोन पावसाळे लागले.

त्या काळात माझ्याकडे अकरा रजिस्टरं होती. लेकरांची हजेरी, वजन, लसी, गरोदर बाया, जन्म, मृत्यू, सगळं वेगवेगळं. एकच नाव चार ठिकाणी लिहायचं. महिन्याच्या शेवटी सगळ्याचा गोषवारा काढून एसटीने महागावला नेऊन द्यायचा. माझे वडील म्हणायचे, आपल्या हातानं लिहिलेलं कोणाच्या बापाला पुसता येत नाही. त्यांनी चळवळीच्या दिवसांत रात्रशाळेत अक्षर गिरवलं होतं, म्हणून कागदाचं त्यांना फार. मीही सुवाच्य लिहायची. पण खरं सांगते, त्या रजिस्टरांपायी लेकरांकडे पाहायला वेळ उरायचा नाही.

म्हणून फोन मिळाला तेव्हा बाकीच्या सेविका कुरकुरल्या तरी मी आनंदात होते. लेकीनं शिकवलं. दोन आठवडे बोटं चुकली, नावं भलतीच उमटली, मग जमलं. वजन टाकलं की फोन स्वतःच सांगायचा, लेकरू हिरव्यात आहे, पिवळ्यात आहे की लाल. महिन्याचा महागावचा हेलपाटा बंद झाला. एकदा नेरहून एक कुटुंब विटाभट्टीच्या कामावर आमच्याकडे आलं. त्यांच्या मुलाचं नाव टाकलं आणि त्याच्या मागच्या दोन वर्षांची वजनं समोर आली. कोणतं इंजेक्शन राहिलं तेही. पूर्वी असं लेकरू म्हणजे पाटी कोरी. त्या दिवशी मी फोनला हात लावून कपाळाला लावला होता, मदतनीस हसली तरी.

मदतनीस तांड्यातलीच, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. खिचडी ती शिजवते, लेकरं घरोघरून गोळा करूनही तीच आणते.

मग तो नियम आला. गरोदर बाईला दर महिन्याला पोषण आहाराची पाकिटं मिळतात. ती आता चेहरा पाहून द्यायची. आधी एकदा तिच्या आधारशी ओळख जुळवायची, त्यासाठी तिच्या नंबरवर आकडे येतात, ते टाकायचे. मग कॅमेऱ्यासमोर तिनं डोळे मिचकावायचे. फोन म्हणाला हो, तर पाकीट द्यायचं. बैठकीत सांगितलं, मधल्या मधे कोणी खाणार नाही, ज्याचं त्यालाच मिळेल. मला ते पटलं. मधल्या मधे खाणारे मी पाहिलेले होते.

माझ्या यादीत तेव्हा नऊ बाया होत्या. आठ जणींचं आठ दिवसांत झालं. नववी राहिली.

ती त्याच वर्षी लग्न होऊन आलेली. विशीची असेल नसेल. चौथा महिना, अंगात रक्त कमी, नखं पांढरी. बोलायची कमी, पण वजनाच्या दिवशी सगळ्यांत आधी येऊन बसायची. तिचं आधार लहानपणी माहेरच्या तांड्यावर निघालेलं आणि त्याला नंबर जोडलेला भावाचा. भाऊ बोअरवेलच्या गाडीवर तेलंगणात. आज या गावात, उद्या त्या गावात, फोन बहुतेक वेळा बंद.

मी म्हटलं, "भावाला सांग, एकदा रेंजमध्ये आला की इकडं फोन कर."

"सांगतलं याडी," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. तांड्यात मोठ्या बाईला असंच म्हणतात. "थो म्हणते रविवारी दुपारी गावात येतो."

रविवारी दुपारी आम्ही दोघी मंदिराच्या ओट्यावर जाऊन बसलो, कारण तांड्यात रेंज तिथंच येते. पहिल्या रविवारी भावाचा फोन लागला नाही. दुसऱ्या रविवारी लागला, त्यानं आकडे वाचले, पण त्याच्या मशीनचा आवाज एवढा की मला एक आकडा चुकीचा ऐकू आला. दुसऱ्यांदा पाठवेपर्यंत त्याचा मालक त्याला हाका मारू लागला. तिसऱ्या रविवारी त्यानं सावकाश, एक एक आकडा दोनदा सांगितला. मी टाकले आणि हिरवी खूण आली. ती एवढी हसली की मला पहिल्यांदा तिचे दात दिसले.

मग मी फोन तिच्या तोंडासमोर धरला. "मिचकाव डोळे."

तिनं मिचकावले. फोनवर लिहून आलं, चेहरा जुळत नाही.

पदर मागे घ्यायला लावला. उजेडात उभं केलं. भिंतीसमोर, मग झाडाखाली. केस मागे बांधले. तिच्या कपाळावरची टिकली काढली, लावली. सतरा-अठरा वेळा तरी केलं असेल. शेवटी तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रडण्याचं नव्हतं ते, उन्हाकडे पाहून पाहून आलेलं.

तिनं कार्ड दाखवलं तेव्हा मला कळलं. त्यावर आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. तेल लावून चापून बसवलेले केस, गाल भरलेले. पुढं कोणी तो फोटो बदललाच नव्हता. मी तिच्याकडे पाहिलं. मलासुद्धा दोघी एक वाटल्या नसत्या.

"माहा मुंडो माहा नाई काय?" तिनं विचारलं. मुंडो म्हणजे तोंड. ती हसत विचारत होती.

पाकिटं आतल्या खोलीत होती. तिच्या वाट्याची, दोन महिन्यांची. मदतनीस म्हणाली, "द्या ना ताई. कोन पायते इथी?"

मी कुलूप काढलं नाही. शेजारच्या भागातल्या एका सेविकेनं असंच दिलं होतं. तिला नोटीस आली, खुलासा मागितला, गावात ती चोर ठरली. तिची पंचवीस वर्षांची नोकरी कोणी आठवली नाही. मी भ्यायले. याला दुसरा शब्द नाही. पुढे मी स्वतःला पुष्कळ समजावलं की नियम तो नियम, पण त्या दिवशी मी नियम पाळला नव्हता, मी भ्यायले होते.

पर्यवेक्षिकेला फोन केला. मुलगी माझ्या लेकीच्या वयाची, मनानं चांगली. ती म्हणाली, "ताई, मला सगळं समजतं हो. पण माझ्या हातात काहीच नाही. मी वर विचारते." दोन दिवसांनी तिचा फोन आला. "साहेब म्हणतात त्यांच्याही हातात नाही. आधारचा फोटो बदलून घ्या, मग होईल."

घरून मी त्या गरोदर पोरीसाठी शेंगदाणे, गूळ, कधी उकडलेली अंडी डब्यात आणायची. ती सगळ्यांसमोर खायची नाही, पदराखाली नेऊन ठेवायची. एकदा मी मागे जाऊन पाहिलं तर सासूला अर्धं देत होती. सासूही हडकुळीच.

मी तिला महागावला घेऊन गेले. एक दिवसाची रजा टाकली. आधारच्या केंद्रावर रांग होती, तिला बाकावर बसवलं. आमचा नंबर आला तेव्हा लाईन गेली. माणूस म्हणाला, "उद्या या." उद्या रजा मिळणार नव्हती. पुढच्या आठवड्यात नवरा तिला मोटरसायकलवर घेऊन गेला, त्या खड्ड्यांतून, पाचव्या महिन्यात. फोटो निघाला. पावती मिळाली. "काही दिवसांत होईल," असं तिथं सांगितलं.

मी रोज तिला बोलावून फोन तिच्यासमोर धरून पाहायची. सकाळी पाहायची, मुलांना झोपवलं की पाहायची. जुळत नाही. दसरा गेला. दिवाळीच्या आधी मी पर्यवेक्षिकेला घेऊन आले, तिनं तिच्या फोनवरून करून पाहिलं. तिलाही तेच आलं. ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "ताई, माझ्या बैठकीत मला रोज विचारतात, तुमचा एक आकडा का अडकला? बाई कशी आहे हे कोणीच विचारत नाही."

दिवाळी झाली आणि तांडा रिकामा व्हायला लागला. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचे ट्रक फाट्यावर लागले. तिच्या नवऱ्यानं मुकादमाला शब्द दिलेला होता. तिला सातवा लागला होता. मी त्यांच्या घरी गेले.

"हिला ठेवून जा," मी म्हटलं. "सासू आहे, मी आहे, बाळंतपण फुलसावंगीला करू."

नवरा मान खाली घालून उभा होता. "कोयता दोघाचा रायते ताई. एकटा गेलो तर मले कोन घेईन?"

ती सामान बांधत होती. ज्वारीचं पोतं, ताडपत्री, दोन हंडे. मी माझ्या जुन्या रजिस्टरातलं एक कोरं पान फाडलं. त्यावर तिचं वजन, रक्ताचा आकडा, टोचलेल्या इंजेक्शनांच्या तारखा, बाळंतपणाचा अंदाजे दिवस, आणि खाली माझा नंबर लिहिला. "कुठंही दवाखाना दिसला की हे दाखव," म्हटलं. तिनं ते घडी करून पोलक्यात ठेवलं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मला फोनमध्ये नोंद करायची होती. तिच्या नावापुढे एक जागा होती, स्थलांतरित. मी ती दाबली. यादीत आठ नावं उरली. आठही हिरवी. वर आकडा आला, शंभर टक्के.

पुढच्या महिन्यात तालुक्याच्या बैठकीत माझं नाव पुकारलं. दुर्गम भागात असूनही शंभर टक्के करणारी पहिली सेविका म्हणून. गुलाबाचं फूल दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "ताई, दोन शब्द बोला." मी माईकपुढे गेले. म्हणायचं ठरवलं होतं की माझं शंभर नाही, एक बाई त्यात नाही. समोर दोनशे बायका बसलेल्या. पर्यवेक्षिका माझ्याकडे पाहत होती. तिची बढती अडलेली मला माहीत होती. मी म्हणाले, "सगळ्यांच्या सहकार्याने झालं," आणि खाली बसले.

हिवाळाभर तिचा फोन आला नाही. मी तिच्या नवऱ्याचा नंबर लावून पाहायची, तो बंद यायचा. भावाचा लागला एकदा. त्यालाही काही ठाऊक नव्हतं.

चैत्रात टोळ्या परतल्या. ती अंगणवाडीच्या दारात आली तेव्हा कडेवर बाळ होतं. मुलगी, तीन महिन्यांची, पण पाहणारा तिला एक महिन्याची म्हणाला असता. उसाच्या फडाजवळच्या खोपीत झाली होती, दिवस भरण्याआधी. टोळीतल्या दोन बायांनी सोडवलं.

"कागद दाखवला का?" मी विचारलं.

"पान्यात भिजला जी," ती म्हणाली. "कोनाले दाखवू?"

मी फोन उचलला. सवयीनं तिच्यासमोर धरला. तिनं डोळे मिचकावले आणि लगेच हिरवी खूण आली. नवा फोटो केव्हातरी चढला होता. आता ती स्तनदा माता म्हणून पाकिटाला पात्र होती. मी कुलूप उघडून पाकिटं तिच्या हातात दिली. आता चेहरा जुळला हे तिला कळलं की नाही कोण जाणे, तिनं फक्त ती कडेवरच्या हातानं सावरली.

मग बाळाला झोळीत घालून वजन केलं, फोनमध्ये टाकलं. रेघ लाल आली, अगदी खालची. आणि इथं मला फोनचं ऋण मानलं पाहिजे. त्या लालवर तासाभरात पर्यवेक्षिकेचा फोन आला, तिच्यावरच्यांचा तिला आलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तांड्यावर. मायलेकी यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात चौदा दिवस राहिल्या. रजिस्टरांच्या काळात तो कागद महागावला पोहोचायलाच महिना गेला असता आणि ती मुलगी राहिली नसती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. म्हणून त्या फोनला मला शिव्या देता येत नाहीत. आणि त्या चार महिन्यांबद्दल माफही करता येत नाही. त्याला की स्वतःला, ते माझं मलाच नीट कळलेलं नाही.

मुलगी बसायला लागली. मदतनीस तिला मांडीवर घेऊन खिचडी ढवळायची. पावसाळ्यात ती पिवळ्यात आली, भाद्रपदात हिरव्यात. मी तिच्या आईला रेघ दाखवायची. तिला रेघ कळायची नाही, पण रंग कळायचा.

यंदा दिवाळीनंतर परत ट्रक लागला. मी या वेळी घरी गेले नाही. काय सांगणार होते? फाट्यावर गेले, तेवढंच. ती वर चढून बसलेली, मुलगी मांडीवर, डोक्याला लोकरीची टोपी.

"तिथी अंगणवाडी हाय काय जी?" तिनं वरून विचारलं. "इचं वजन कराले?"

नियमाप्रमाणे असते. फोनमध्ये नाव टाकलं की तिथल्या सेविकेला दिसतं. पण फड कोणता, गाव कोणतं, हे मुकादमाशिवाय कोणालाच माहीत नव्हतं, आणि मुकादम ड्रायव्हरशी बोलत पुढे गेला होता.

"हाय," मी म्हणाले. "तिथं कोणालाही विचार."

तिनं मान हलवली. ट्रक निघाला. मी तांड्याकडे वळले, खिचडीची वेळ होत आली होती.