घरच्यांच्या टिचक्या

आमची आत्या शब्दांच्या लिलावात बोली लावते. कुणी फोनवर ‘सोफा दुरुस्ती’ असं शोधलं, की सगळ्यात वर कोणाची जाहिरात दिसावी यासाठी दुकानदारांची चढाओढ असते. जाहिरातीवर टिचकी पडली की दुकानदाराचे पैसे कापले. अशा चार-पाच दुकानदारांच्या बोल्या आत्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून सांभाळते. फोनवर त्यांच्याशी बोलते ते असं, एका दमात, नाकातून: “हं. हं. नाही. नाही म्हटलं ना! पहिला नंबर घेऊन काय भिंतीवर टांगायचाय?”

माझे बाबा सोफे दुरुस्त करतात. गेल्या वर्षी कामं आटली. एका शोरूमने त्यांना टेम्पो चालवायला बोलावलं. महिनाअखेरपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही तर वर्कशॉप बंद करायचं ठरलं. ठरलं म्हणजे बाबांनी ठरवलं, आणि आईने भांडी जरा जोरात आपटली.

आत्या दारातूनच ओरडली, “दादा, मला सांगायला तोंड नव्हतं?”

“तुला कशाला उगाच त्रास…”

“त्रास म्हणे! सरक तिकडे.”

बसल्या बैठकीत तिने बाबांची जाहिरात लावली. रोजचा खर्च ठरवून दिला. तो संपला की त्या दिवसापुरती जाहिरात गायब. आणि ती रोज सकाळीच गायब व्हायला लागली. टिचक्या धो धो, फोन एकही नाही.

आत्या रविवारी जेवायला आली ती कपाळाला आठ्या घालूनच. “उजाडलं-न-उजाडलं तोच लोकांना सोफा आठवतो. कोण ही माणसं?”

बाबा पानात बघत म्हणाले, “मी बघतो कधीकधी. आपण वर आहोत का ते.”

“बघ ना! दाबतोस कशाला?”

“आता आपलंच दुकान… नुसतं बाहेरून बघून पुढे कसं जायचं? जरा आत डोकावतो.”

आई पुटपुटली, “मी एकदाच दाबते. सकाळी. आणि दुपारी झोप नाही लागली तर.”

आत्याने हातातला घास ठेवला आणि थेट काकाला फोन लावला. काकाचा आवाज नेहमी स्टेशनवरच्या घोषणेसारखा. “अगं, मी तर ऑफिसातल्या सगळ्यांना दाबायला लावलंय! दादाचं नाव झालं पाहिजे!”

“नाव झालंय,” आत्या म्हणाली. “दिवाळं निघायचं तेवढं बाकी आहे.”

मग तिने कामच हातात घेतलं. जाहिरात पहाटे बंद, फक्त वर्कशॉप उघडं असताना चालू. घरच्यांच्या टिचक्यांवर कडक बंदी. ‘सोफा’ या शब्दावर मोठी शोरूमं तुटून पडलेली, तिथली बोली तिने एकदम खाली आणली. ‘नवीन’ आणि ‘फुकट’ शोधणाऱ्यांना जाहिरात दिसणारच नाही, अशी तजवीज केली. मग बाबांना समोर बसवलं. “तुझी गिऱ्हाइकं दारात येऊन काय म्हणतात? त्यांच्याच शब्दांत सांग.”

“म्हणतात, स्प्रिंग टोचते. बसलं की खड्डा पडतो. मांजराने कापड फाडलं.”

“यावर बोली लावायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. स्वस्तात मिळेल.” तिने जसंच्या तसं लिहून टाकलं.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. मांजरवाली बाई. मग खड्डेवाले एक आजोबा. मग एका दवाखान्यातले सगळे बाक. महिनाअखेरीस बाबांनी शोरूमला फोन करून टेम्पोला नाही म्हटलं.

आभार मानणं बाबांना जमत नाही. “ते हे… तुझं ते…” इथपर्यंत गाडी येते आणि बंद पडते. दुसऱ्या दिवशी ते आत्याकडे गेले, तिची कामाची खुर्ची उचलली आणि चालू लागले. ती दिवसभर उलट्या बादलीवर बसून बोल्या लावत होती आणि दर तासाला आम्हाला फोन करून विचारत होती, “तुझा बाप वेडा झालाय का रे?”

संध्याकाळी खुर्ची परत आली. नवा फोम, नवं कापड, हातांना मऊ गादी. आत्या बसली. पाठ टेकली.

मग हळूच, नाकातून अजिबात नाही: “दादा, जेवून जा.”