टिकाराम भाऊंचं इन्सुलिन

साकोलीच्या तलावाच्या पाळीवर रोज सकाळी आम्ही पाच-सहा जण चालतो. वजन किती उतरलं ते विचारू नका, किस्से मात्र साठत चाललेत! त्यातले निम्मे मला स्वतःलाच अजून कळलेले नाहीत.

या चालण्याचं मूळ कारण आमचे किराणावाले टिकाराम भाऊ. वजन शंभरच्या वर. डॉक्टर म्हणाले, "रक्तात इन्सुलिन फार वाढलंय. तीन महिने रोज भरभर चाला. उतरलं तर ठीक, नाहीतर गोळी सुरू."

भाऊ जाम घाबरले. त्यांच्या मोठ्या भावाचीही सुरुवात एका गोळीनेच झाली होती, आता रोजची इन्सुलिनची सुई आहे.

"त्याले इन्सुलिन कमी पडते म्हणून सुई, मले जास्त झालं म्हणून गोळी. मंग पाह्यजे तरी किती?"



*

भरभर म्हणजे किती? डॉक्टरांनी खूण दिली होती: चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. त्यामुळे आमच्यातले रिटायर्ड गुरुजी दर वळणावर थांबवायचे. "भाऊ, गा बरं!"

भाऊ भजनी मंडळातले. धापा टाकत अख्खा अभंग म्हणायचे!

"मले तर धावतानीही गाता येते जी. माहा व्यायाम होऊन राहिला का नाही?"

ते शेवटपर्यंत ठरलंच नाही.

*

एकदा गुरुजींनी लेप्टिन समजावलं. "पोट भरलं, असं सांगणारं हार्मोन. लठ्ठ माणसात ते जास्त असते, पण मेंदू ऐकत नाही. रोज चाललं का ते कमी होते."

"थांब म्हणणाराच कमी करून राहिलो का आपण?" भाऊ मटकन पाळीवर बसले.

"मेंदू ऐकाले लागला, का त्याले ओरडाची गरज नाही रायत," गुरुजी म्हणाले.

मागून चालणाऱ्या वहिनी, म्हणजे भाऊंच्या मिसेस, म्हणाल्या, "मंग माहा आवाज कमी व्हाले ह्यांले किती चालावं लागन?"

*

तीन महिने संपायला आले आणि भाऊ पंधरा दिवस गायब! परवा रिपोर्ट घ्यायला मीच सोबत गेलो. बिचाऱ्याचा चेहरा पाहवत नव्हता.

डॉक्टर रिपोर्ट बघून खूश. "वजन फारसं हललं नाही, पण इन्सुलिन मस्त उतरलंय! शेवटी शेवटी काय केलंत?"

भाऊंनी हात जोडले. "खोटं नाही बोलत साहेब. दिघोरीच्या शेतात धानाची रोवणी होती, मजूर भेटले नाही. पंधरा दिवस सकाळपासून दिवस बुडेपर्यंत डोक्यावर रोपांच्या जुड्या घेऊन चिखलात फिरत राहिलो. व्यायामाले टाईमच नाही भेटला! उद्यापासून चालतो जी, पण गोळी नका देऊ!"