निभामासी आणि मढ्यांची वाट

कालीदिघीच्या सरकारी इस्पितळात आधी निभा बागदीचा, म्हणजे सगळ्यांच्या मासीचा, आपल्याकडे मावशी म्हणतात तिचा, आवाज यायचा आणि मागून तिची ट्रॉली. "सरका! ए दादा, चहा मग ढोस, आधी पाय उचल!" नवरा गेल्यावर ती इथे आया म्हणून लागली, आणि गोऱ्या साहेबांच्या काळातल्या त्या इमारतीने तिच्या खांद्यांचं पार वाटोळं केलं. पुढच्या दाराशी ही उंच दगडी पायऱ्यांची चढण! इथे आजारी माणसं येणार हे बांधणाऱ्याला कुणी सांगितलंच नसावं. म्हातारे, लुळे, पाय मोडलेले, सगळ्यांना पाठुंगळीवर नाहीतर खुर्चीसकट उचलून वर न्यायचं.

मासीने वर्षानुवर्षं शंख केला. शेवटी कलकत्त्याहून तपासणीला माणसं आली आणि रॅम्प पाहिजे म्हणून सांगून गेली. सुपरबाबूंनी, म्हणजे इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांनी, काय करावं? इमारतीच्या मागे मढी बाहेर न्यायचा रुंद उतार होता. त्याच्या तोंडाशी चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेली निळी पाटी ठोकली. झालं काम!

"बाबू, जिता माणूस मढ्याच्या वाटेने आत शिरेल का हो?" मासीने विचारलं.

"उतार तो उतार. त्याला काय कळतंय कोण मेलंय?"

उताराला नसेल कळत, लोकांना कळत होतं ना! "माझ्या बापाला जिवंतपणी तिथून नेतेस? तोंड सांभाळ," असं एकाने सुनावलं. दुसरा तर मारायलाच उठला. पाटी गंजली आणि मासीचे खांदे दुखतच राहिले.

मग आली पूर्बी. पोलिओने दोन्ही पाय गेलेले, चाकाच्या खुर्चीत, दिवस भरलेले आणि कळा सुरू. बरोबर सासू, कनकलता. मासीने खुर्ची मागच्या बाजूला वळवली तशी ती आडवी आली.

"माझा वंश त्या वाटेने आत जायचा नाही! पुढून उचला तिला!"

"आई, कुठूनही न्या, पण आत न्या हो!" पूर्बी कळवळली.

चौघांनी खुर्ची उचलली. अर्ध्या पायऱ्यांवर एकाचा पाय घसरला आणि खुर्ची कलंडता कलंडता राहिली. मासीचं डोकंच फिरलं. "मारायचंय का तिला? उतरवा खाली!" कनकलताला कोपराने बाजूला सारून ती खुर्ची घेऊन मागे धावली. पण जायचा तो वेळ गेला होता. उताराच्या मध्यावरच, मासीच्या पदरात, पोर जन्माला आलं. मुलगा, अगदी ठणठणीत. तेवढ्यात कडेने इस्पितळातली एक मांजर चालत गेली.

झालं! मांजर म्हणजे मा षष्ठीचं वाहन. षष्ठी म्हणजे पोराबाळांची राखण करणारी, आपली सटवाईच म्हणा. महिन्याभरात उताराच्या तोंडाशी शेंदूर फासलेला दगड आला, वडाची फांदी आली, पिवळे दोरे, केळी, बताशे, मांजरीला दूध. जिथे काल कुत्रं फिरकत नव्हतं तिथे आज पाय ठेवायला जागा नाही! मढीसुद्धा खोळंबू लागली. मासीने सुपरबाबूंपुढे डोकं आपटलं. ते म्हणाले, "देवाधर्माची बाब आहे. मी त्यात पडत नाही."

बाळाला लस टोचून घ्यायला पूर्बी आली ती एकटीच. बाळ ओढणीने पोटाशी बांधलेलं आणि हातांनी चाकं फिरवत. सासूबाई आधीच तिथे होत्या. दगडाशेजारी पाट टाकून प्रसाद वाटत होत्या. "माझा नातू इथेच झाला. मीच म्हटलं, इथूनच न्या."

"आई, जरा वाट देता?"

"आत्ता? पूजा चाललीय, दिसत नाही का? पुढून जा. उचलतील चौघं."

पूर्बीने बाळाला एका हाताने घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने खुर्ची वळवायला लागली. तिचे डोळे भरले होते. ते मासीने बघितलं.

ती तरातरा आली आणि तिने दगडच उचलला.

"अगं, पारोशी! देवीला हात लावतेस?" बायका किंचाळल्या.

मासीने दगड तान्ह्या पोरासारखा काखेत घेतला आणि इमारतीला वळसा घालून चालू पडली. बायका ओरडत मागोमाग. पुढच्या सगळ्या पायऱ्या चढून तिने तो सर्वांत वर, दाराच्या कडेला ठेवला. मग कमरेवर हात ठेवून दम खाल्ला.

"षष्ठीआईला इथेच बसायचंय. ज्यांना पाय आहेत त्यांनी चढून या."

देवीला नको म्हणायची कुणाची छाती होईना. एकेक बाई कुरकुरत चढू लागली. कनकलता तिसऱ्या पायरीवर गुडघे धरून बसली.

"निभा, मला खुर्ची मिळेल का गं?"

"मिळेल की!" मासी वरून ओरडली. "मढ्यांच्या वाटेने यायची तयारी असेल तर."

तोवर मागच्या मोकळ्या उतारावरून पूर्बी, कुणालाही खुर्चीला हात न लावू देता, बाळाला घेऊन आत गेली होती.